पाकोळीचं माहेर

आक्का अंगणाच्या मधोमध सूप घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्याभोवती गल्लीतल्या यच्चयावत कोंबड्या जमल्या होत्या. मी फाटकाची कडी काढली तशी त्यांनी मान वर केली. चेहरा नुसता उजळून निघाला होता.

"आलीस? ये, बघ. तुज्या कारखान्याची अब्रू राखली आज मी."

मला आधी काही कळलं नाही. मग तुळशीकट्ट्याला टेकवून ठेवलेले तीन निळे टब दिसले. घासून, धुऊन पालथे घातलेले. त्यांच्या तोंडाला बांधलेली पांढरी फडकी दोरीवर वाळत होती. शेजारी पोत्यावर भरडलेली ज्वारी पसरली होती. स्वच्छ, मोकळी, कण न् कण वेगळा.

"आक्का, हे टब तुम्ही उघडले?"

"उघडलं म्हंजे? आगं, समद्या ज्वारीला जाळी धरली हुती. हाताला लोंबत हुती नुसती. आन् आळ्या! बया बया बया! दुपारचं उन्ह दाखवलं, चाळली, पुन्यांदा चाळली, पाखडली. आता एक किडा काढून दाखव, कानातलं काढून दीन तुला."

कोंबड्या शेवटच्या अळ्या टिपत होत्या. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडायला लागले.

आक्कांनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि माझ्याजवळ आल्या. "रडू नगं, नलू. कुणाला कळलं न्हाई. शेजारची तानूबाई डोकावली हुती, तिला म्हटलं, आमचीच घरची ज्वारी हाय, किडली. सुनंनं इस्वासानं कारखान्याचं धान्य घरी आणलं आन् हितं त्याला किडं पडलं, असं कशापायी कुणी म्हणंल? माज्या अंगावर घेतलं मी."

आमच्या सासूबाई, गौराक्का, कोण होत्या हे कळल्याशिवाय या वाक्याची किंमत कळायची नाही.

पंचगंगेकाठच्या आमच्या गावात बायका देवाला भीत, पुराला भीत आणि धान्याच्या बाबतीत गौराक्कांना भीत. त्या कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या तरी चहा येईपर्यंत त्यांचा हात यजमानणीच्या कणगीत गेलेला असायचा. मूठभर दाणे तळहातावर पसरायच्या, फुंकर मारायच्या आणि नुसतं "हं" म्हणायच्या. त्या "हं"नंतर बायका दुसऱ्याच दिवशी सगळं धान्य उन्हात घालायच्या. माझ्या माहेरी मुलगी बघायला आल्या तेव्हा माझ्या आधी त्यांनी आईचा तांदळाचा डबा बघितला होता. तांदूळ पास झाले म्हणून तू पास झालीस, असं आमचे हे मला अजून चिडवतात.

अशा घरात मी कोणत्या तोंडाने सांगणार होते, की मी रोज सकाळी डबा घेऊन किडे पाळायला जाते?

या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली. तेव्हा साखर कारखान्याच्या आवारात, खताच्या गोदामामागे, दोन खोल्यांची एक प्रयोगशाळा निघाली होती. चौगुले नावाचे एक तरुण शेतकी अधिकारी ती चालवत आणि हाताखाली आम्ही चार बायका. घरी मी "प्रयोगशाळेत" एवढंच सांगितलं होतं. घरच्यांनी साखरेची प्रयोगशाळा समजून घेतली आणि मी समजू दिली.

खरं काम वेगळं होतं. उसाला खोडकिडा लागतो. त्याची अंडी शोधून त्यातच आपली अंडी घालणारी एक माशी असते, मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक. ती शेतात सोडली की खोडकिडा अंड्यातच मरतो, औषध फवारावं लागत नाही. पण ती माशी वाढवायची कशात? तर दुसऱ्या कुणाच्या तरी अंड्यांत. त्यासाठी आम्ही पाळायचो तांदळातली पाकोळी. तिची अंडी गोंद लावलेल्या कार्डावर पेरायची, त्यांवर ती माशी सोडायची आणि ते कार्ड उसाच्या पानाला टाचायचं. पहिल्या दिवशी साहेबांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. जी पाकोळी धान्यात दिसली तर सासूबाई दिवसभर बोलल्या नसत्या, तिला इथे भरडलेली ज्वारी, वर शेंगदाण्याची पूड, असा खुराक होता.

पाकोळी दिसायला अगदीच साधी. मातकट, बोटाच्या पेराहून लहान. पंख मिटून बसली की कोंड्यात ओळखूही यायची नाही. अळी असताना ती रेशमासारखे धागे काढत दाण्यांची जाळी विणते आणि त्या जाळीत बसून खात राहते. पंख फुटले की खाणं बंद. तिला मग भूकच नसते. चार-आठ दिवस जगायचं, अंधार पडला की अंडी घालायची आणि संपायचं.

"जन्माचं माहेरातच खाऊन घेती बघ," माझी जोडीदारीण जुबेदा म्हणायची. "सासरी उपाशी!"

मादी कुठली हे तोंडापुढच्या टोकावरून ओळखायचं. मादीचं लांब, पुढे आलेलं, नराचं आखूड. काचेच्या नळीत एकेक पाकोळी धरायची, तिच्या पंखांची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून तोंडावर पदर बांधायचा. मी मॅट्रिकला दोनदा आपटलेली बाई. पण साहेब एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "नलिनीताई, तुमचा हात फार स्थिर आहे. तुमच्या नळीतली पाकोळी कधी पंख मोडून येत नाही." त्या दिवशी मी घरी चालत आले ते रस्ता कसा सरला ते कळलंच नाही. मला ते काम हवं होतं. पगारासाठी तर हवं होतंच, पण जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला म्हणालं होतं की हे तुम्हाला चांगलं जमतं.

घरी एकच धास्ती असायची. दिवेलागणीला आमच्या माजघरात कधीमधी एखादी पाकोळी यायची आणि दिव्याभोवती फिरायची. मी घाईने उठू बघायचे. पण माझ्या आधी आक्का उठायच्या, दोन्ही हातांच्या ओंजळीत तिला धरायच्या आणि खिडकीतून बाहेर सोडायच्या. "कारखान्यातनं तुज्या पदराला चिकटून आली असंल," म्हणायच्या. मी मुकाट्याने मान हलवायचे. फाटकाबाहेर उभी राहून पदर झटकल्याशिवाय आत यायचं नाही, अशी सवयच मी लावून घेतली होती. तरी पाकोळ्या यायच्याच. आधीही येत असतील, पण मी त्यांना ओळखायला लागले ती कामावर गेल्यावर.

त्याच माजघरात भिंतीवर माझ्या नणंदेचा, शालनताईंचा फोटो होता. माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधी त्या पहिल्या बाळंतपणात गेल्या. मूलही वाचलं नाही. त्यांचं नाव घरात कुणी काढत नसे.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर प्रयोगशाळेत भलतंच घडलं. आमच्या टबांत एक परकी माशी शिरली. विद्यापीठातून पाकोळीची नवी अंडी आणली होती, त्यांच्यासोबतच ती आली असावी. ती अळीला डंख मारते आणि तिच्या अंगावर अंडी घालते. आठवड्याभरात टबामागून टब काळे पडले. साहेबांनी सगळं जाळून खोल्या धुवायला काढल्या. त्यातून फक्त तीन टब चांगले निघाले. ते दूर, कुणाच्या तरी घरी ठेवायचे होते. जुबेदाच्या एका खोलीत आठ माणसं. म्हणून मी ते आणले, मागच्या खोलीत पलंगाखाली ठेवले आणि आक्कांना बजावलं, "कारखान्याचं आहे, हात लावू नका."

आता कारखान्याचं म्हटल्यावर, आणि त्यातून जाळी डोकावताना दिसल्यावर, आक्का हात लावल्याशिवाय राहतील, हे मला वाटलंच कसं?

पायरीवर बसून मी रडत रडत त्यांना सगळं सांगितलं. पाकोळी, माशी, कार्ड, ऊस, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मधेच एकदा कोंबड्यांकडे बघितलं.

"म्हंजे," त्या सावकाश म्हणाल्या, "किडंच माल हुता? आन् ज्वारी त्यांचं जेवान?"

"हो."

"आन् तुला पगार किडं सांबाळायचा?"

"हो, आक्का."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांनी एका कोंबडीला हाकललं, जणू तेवढ्याने काही परत मिळणार होतं, आणि डोक्याला हात लावून पोत्याच्या कडेवर बसल्या. "मला सांगायचं न्हाईस व्हय गं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मग म्हणाले, "चेअरमन आधीच म्हणतात, कारखाना साखर करायला काढलाय का किडे पाळायला? शिमग्यापर्यंत शेतात कार्डं लागली नाहीत तर या खोल्या गोदामाला जाणार. मग तुम्ही चौघीही घरी आणि मी दुसऱ्या गावी."

"विद्यापीठातून पुन्हा अंडी?" मी विचारलं.

"त्यांच्याच टबांत ती माशी आहे. तिकडचं आता चालणार नाही. दुसरीकडे पत्रं टाकली आहेत, उत्तर कधी येईल देव जाणे." मग थोडा विचार करून म्हणाले, "पण ही पाकोळी काही विद्यापीठात जन्मली नाही, ताई. घराघरांत असते. जुन्या तांदळात, रव्यात, विसरलेल्या शेंगदाण्यात. थोडीशी जरी निरोगी मिळाली तरी दोन पिढ्यांत टब भरतील. शोधा. उद्या कामाला येऊच नका, गावात फिरा."

हे मी घरी येऊन सांगितलं मात्र, आक्का एकदम ताठ बसल्या. "एवढंच न्हवं? किडकं धान्य पायजे? आगं, समद्या गल्लीचं धान्य मला तोंडपाठ हाय. चल सकाळी माज्यासंगं."

सकाळी आम्ही निघालो. आक्का पुढे, मी मागे, हातात झाकणाची बरणी. पहिलं घर तानूबाईंचं. त्या शेणाने अंगण सारवत होत्या.

"तानू, तुज्यात किडकं तांदूळ हाईत का गं?"

तानूबाईंचा हात जागच्या जागी थांबला. "सकाळच्या पारी माजी परीक्षा बघताय व्हय, आक्का?"

"परीक्षा न्हाई बाई. खरंच पायजेत. जाळी धरल्यालं आसलं तर लईच ब्येस."

"जाळी? माज्या घरात?" तानूबाई उठून उभ्या राहिल्या. "या, बघा कणगी. बघाच! माज्या धान्यात जाळी निघाली तर नाव बदलीन." आणि मग हळूच, डोळे बारीक करून, "जाळी तुमच्यात हुती की परवा. आमी काय बोललो का?"

आक्का पुढच्या घराकडे वळल्या. तो त्यांना बसलेला पहिला घाव होता.

दुसऱ्या घरी सुनेने दार अर्धंच उघडलं आणि आतून सासू ओरडली, "सांग, सगळं कालच उन्हात घातलंय!" तिसऱ्या घरची म्हणाली, "आक्का, तुमच्या धाकानं आमी धान्य साठवीतच न्हाई. म्हैन्याचं म्हैन्याला आणतो." चौथीने आक्का गल्लीच्या तोंडाशी दिसताच मागच्या दाराने एक डबा उकिरड्यावर ओतलेला मी स्वतः बघितला. आम्ही धावत गेलो, तर त्यात नुसते टोके. पाकोळी नाही.

गल्ली संपली, दुसरी झाली. आक्का विनवण्या करत होत्या. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाण्यावर फुंकर मारली, ती दारोदार उभी राहून म्हणत होती, "बायांनो, मी कुणाला न्हाई सांगायची, शप्पत." आणि एकीचाही विश्वास बसत नव्हता. कसा बसणार? त्यांचीच दहशत त्यांना नडत होती. एरवी मी मनातल्या मनात हसले असते. पण एका घराच्या पायरीवरून उतरताना त्यांनी आधारासाठी माझा खांदा धरला, आणि मला त्यांची फार दया आली.

"आक्का, पुरे. जाऊ दे ती नोकरी," मी म्हटलं.

"जाऊ दे कसं?" त्या फिस्कारल्या. "रोज रातच्याला भाकरी थापताना गाणं म्हंतीस ते कारखान्यात जाय लागल्यापास्नं. मला ऐकू येत न्हाई व्हय?"

मी गाणं म्हणते हे मलाच ठाऊक नव्हतं.

दिवेलागण झाली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर पेपर घेऊन बसले होते. हे ड्यूटीवर. मी माजघरात दिवा लावला आणि तांदूळ निवडायला घेतले. आक्का फोटोखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लांब करून. आल्यापासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

आणि दिव्यावर एक पाकोळी आली.

मातकट, लहानशी. दिव्याभोवती फिरली आणि भिंतीवर, फोटोच्या चौकटीशी बसली. सवयीने मी चपापून पदराकडे हात नेला. मग माझ्या लक्षात आलं, की आज मी कारखान्यात गेलेच नव्हते. आणि तिथे तरी आता पाकोळी कुठे उरली होती?

मी आक्कांकडे बघितलं. त्या पाकोळीकडे बघत होत्या. नेहमीसारख्या उठल्या नाहीत.

"नलू," त्या म्हणाल्या, "तुज्या पदरातनं एकबी कधी आली न्हवती."

त्या उठल्या, कोपऱ्यातली, झाकणाशी फट पडलेली पत्र्याची ट्रंक पुढे ओढली आणि कमरेची किल्ली लावली. वर त्यांचं लग्नातलं लुगडं होतं. खाली एक हिरवा खण, आणि खणात गुंडाळलेला पितळी डबा. झाकण नीट बसत नव्हतं. त्यांनी ते काढलं आणि डबा माझ्यापुढे ठेवला. आत तांदूळ होते. निम्मे पोकळ, भुकटी झालेले, आणि सगळे पांढऱ्या जाळीने एकमेकांना धरून बसलेले. जाळीत अळ्या हलत होत्या. डब्याच्या कडेला दोन पाकोळ्या पंख मिटून बसल्या होत्या.

गौराक्कांच्या घरात. गौराक्कांच्या ट्रंकेत.

"शालन शेवटची आली ती नागपंचमीला," त्या बोलायला लागल्या. आवाज अगदी साधा होता. "जाताना वटी भरली. आपल्यात कसं, लेकीनं वटीतली मूठभर परत आईच्या पदरात टाकायची. तिनं टाकली. 'आई, तुजं घर भरल्यालं ऱ्हाऊ दे' म्हणाली. सगळ्याच लेकी म्हंत्यात. गेली. पुन्यांदा तिचं तोंड बघितलं ते मेल्यावरच. ती मूठ ही."

"पण आक्का, डबा तर भरलेला आहे."

"दर पंचमीला मूठभर घालते. गल्लीत सगळ्यांच्या लेकी येत्यात. मग मी हिच्या डब्यात घालते."

ओसरीवर मामंजींच्या पेपरचा आवाज थांबला होता.

"पयल्याच वर्सी किडं पडल्यालं दिसलं. सूप घिऊन बसले. पण हात उचलंना बघ. तिच्या हातचं दाणं कुठलं आन् मी घातल्यालं कुठलं, काय वळखू मी? कोंड्याबरूबर तिचंच उडून गेलं तर? मग म्हटलं, ऱ्हाऊ द्या." त्यांनी झाकण हातात फिरवलं. "सांजचं दिव्यावर आली, की वाटायचं, आलीस व्हय गं बाई. मग हातात धरून सोडून द्याची. तुज्या नावावर घालत हुते. तू बोलायची न्हाईस म्हणून."

मी त्यांचा हात धरला. लोकांच्या धान्यात त्या इतक्या त्वेषाने काय शोधत असायच्या, हे मला त्या क्षणी कळल्यासारखं वाटलं. कदाचित आणखी कुणाच्या घरी असा एखादा डबा आहे का, तेच.

त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "घे."

"आक्का, हे चाळावं लागेल. एकेक अळी वेगळी काढावी लागेल."

"मग काढ की. तुजा हात थिर हाय म्हणतोय न्हवं त्यो सायब?" मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "किडं तुजं, तांदूळ माजं. एक कणी सांडायची न्हाई. भुकटीसुद्दा परत आणायची."

साहेबांनी भिंग लावून डबा बघितला आणि खुर्चीतून उठलेच. "हीच! आणि एकदम निरोगी!" डबा कुणाचा हे मी त्यांना सांगितलं तेव्हा मात्र ते खाली बसले. मी कुंचल्याने एकेक अळी उचलली. जुबेदा शेजारी परात धरून बसली होती आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. नंतर म्हणाली, दुवा मागत होते. सांजेपर्यंत अळ्या नव्या ज्वारीत गेल्या आणि तांदूळ, पोकळ दाणे, भुकटी सगळं परत डब्यात. आक्कांनी डबा हातात घेऊन वजन जोखलं आणि ट्रंकेत ठेवला.

संक्रांतीला पहिल्या पाकोळ्या उडाल्या. थंडीमुळे दिवस जास्त लागले, मी रोज टबांना गोणपाट गुंडाळत होते. त्यानंतरच्या पिढीला टब पुरेनात. शिमग्याच्या अलीकडे कार्डं तयार झाली, खरबरीत, करडी, अंड्यांनी भरलेली.

"पहिलं कार्ड कुठल्या फडात लावायचं ते तुमच्या सासूबाईंना विचारा," साहेब म्हणाले. "हक्क त्यांचा आहे."

आक्कांनी विचारही केला नाही. "तळेवाडीला."

तळेवाडी म्हणजे नदीपलीकडचं शालनताईंचं सासर. वेळेवर दवाखान्यात नेलं नाही, असा आक्कांचा त्या घरावर राग होता. बाराव्यानंतर त्या गावाचं पाणी पिणार नाही म्हणाल्या होत्या आणि ते पाळलं होतं. जावयाने पुढे दुसरं लग्न केलं तेही त्यांना बाहेरूनच कळलं.

आम्ही गेलो तेव्हा जावई, शामराव, फडाच्या कडेला उभे होते. आक्कांना बघून त्यांनी डोक्याची टोपी काढली आणि काय करावं न कळून परत घातली. मी कार्डाचे तुकडे पानांच्या खालच्या बाजूला टाचत गेले. आक्का माझ्यामागून सरीतून चालत होत्या.

"ह्यातनं पाकोळ्या व्हणार न्हाईत?" त्यांनी विचारलं.

"नाही, आक्का. ह्या अंड्यांतून माशी निघेल. ती उसाला राखेल."

त्यांनी पानाखालच्या कार्डावरून हलकेच बोट फिरवलं. "जा बाई," म्हणाल्या. "नीट ऱ्हा."

तेवढ्यात बांधावरून एक बाई तांब्या-भांडं घेऊन आली. शामरावांची बायको, अंजना. चालताना एक हात कमरेवर होता. तिला सहावा-सातवा असावा. ती आक्कांच्या समोर येऊन थांबली आणि तांब्या पुढे करावा की नाही, ते तिला कळेना. तिला सगळं ठाऊक होतं.

आक्कांनी तिच्या पोटाकडे बघितलं. मग शामरावांकडे. "बाळतपनाला कुठं?"

"हितंच," शामराव खाली बघत म्हणाले. "तिला माहेर न्हाई. आई-बाप बारीकपणीच गेलं."

आक्कांनी तांब्या घेतला आणि घटाघटा पाणी प्यायल्या. मग आपली पिशवी उघडली. त्यात नारळ, नवा खण आणि तांदूळ होते. हे त्यांनी कधी भरलं ते मला माहीत नव्हतं. बांधावरच्या बाभळीखाली अंजनाला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, कुंकू लावलं आणि तिची ओटी भरली.

"म्हैनं भराय आलं की आमच्यात यायचं," त्या म्हणाल्या. "दवाखाना जवळ हाय. ही नलू हाय. आन् त्यानं," शामरावांकडे बोट करून, "आडवं आलं तर मला सांग."

अंजनाचे डोळे भरून आले. तिने ओटीतले मूठभर तांदूळ घेतले, आक्कांचा पदर पुढे ओढला आणि त्यात टाकले. "आई, तुमचं घर भरल्यालं ऱ्हाऊ दे," म्हणाली. सगळ्याच लेकी म्हणतात तसं.

नदी ओलांडून घरी येईपर्यंत आक्कांनी पदराची ती गाठ मुठीत धरून ठेवली होती. अंजना पुढे खरंच आली. आमच्याच माजघरात तिची मुलगी पाळण्यात निजली. पितळी डबा आता माझ्या कपाटात असतो आणि पंचमीला त्यात मूठ घालायला तीच मुलगी येते. पण मला आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ. आक्कांनी ट्रंक उघडली, डबा काढला आणि गाठ सोडून ती मूठ जुन्या तांदळांवर टाकली.

डब्यात एक अळी हलताना मला दिसली. तेव्हा माझ्या नजरेतून सुटलेल्या एखादीची पुढची पिढी. मी सूप घेऊन आले. "आक्का, ताजे तांदूळ आहेत. आता तरी पाखडून घेऊ? एवढे तरी चांगले राहतील."

त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं, नेहमीसारखंच, थोडं सैल.

"नगं," म्हणाल्या. "त्यांनी तरी खायला कुठं जायाचं?"